घरबसल्या ग्रीस-रोम शिकताना: कोर्स निवडण्यापासून पहिला निबंध लिहिण्यापर्यंत

एका पतसंस्थेत हिशेब सांभाळत गेली पाच वर्षं मी प्राचीन ग्रीस आणि रोमचा इतिहास शिकते आहे, सगळा ऑनलाइन. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. लॅटिनचा एक शब्द येत नव्हता आणि इंग्रजी कामापुरतंच होतं. पहिल्या वर्षी मी चार कोर्स सुरू केले आणि एकही पुरा झाला नाही. दुसऱ्या वर्षी एकच घेतला, पद्धत बदलली आणि तो तडीस गेला. त्या वर्षभरात जे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. हा विषय आपल्याकडे जवळपास कोणी शिकवत नाही, पण मनापासून शिकायची इच्छा असलेली माणसं मला सतत भेटतात. हे त्यांच्यासाठी.

१. ग्रीस की रोम, आधी हे ठरवा

बरेच जण 'ग्रीक आणि रोमन संस्कृती' अशा जोडनावाच्या कोर्सला नाव घालतात आणि तिसऱ्या आठवड्यात गळतात. होमरच्या काव्यांपासून इ.स. ४७६ मध्ये रोमचं पश्चिमेकडचं साम्राज्य संपेपर्यंत साधारण बाराशे वर्षं होतात. देवगिरीच्या यादवांपासून आजपर्यंतचा काळ मोजला तरी तो त्याहून कमी भरतो. एवढा पट दहा आठवड्यांत डोक्यात राहत नाही.

म्हणून एक तुकडा निवडा. ग्रीस आवडत असेल तर इ.स.पू. पाचव्या शतकातलं अथेन्स घ्या. इ.स.पू. ४९० च्या मॅरेथॉनच्या लढाईपासून ३९९ मध्ये सॉक्रेटिसला झालेल्या मृत्युदंडापर्यंत सगळं एका शहराभोवती आणि एका समुद्राभोवती घडतं. पार्थेनॉनचं मंदिर (इ.स.पू. ४४७ ते ४३२), शोकनाट्यं, लोकशाही, अथेन्स आणि स्पार्टामधलं पेलोपोनेशियन युद्ध, सगळं त्यातच येतं. रोम हवं असेल तर प्रजासत्ताकाचं शेवटचं शतक घ्या, टायबेरियस ग्रॅकस या लोकनेत्याच्या खुनापासून (इ.स.पू. १३३) अॅक्टियमच्या लढाईपर्यंत (इ.स.पू. ३१). त्या काळातली सिसेरो या राजकारण्याची शेकडो पत्रं आज उपलब्ध आहेत. कोणाला किती कर्ज आहे, कोण कोणावर रुसलंय, मुलीच्या मृत्यूनंतर बाप कसा कोसळलाय, हे सगळं त्यात आहे. प्राचीन जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाच्या इतक्या जवळ आपल्याला जाता येत नाही.

दोन्हींत मन अडकलं असेल तर आधी ग्रीस करा. शिकलेले रोमन लोक स्वतः ग्रीक शिकत, ग्रीक ग्रंथ वाचत आणि ग्रीक मूर्तींच्या प्रती घरात ठेवत. तो पाया माहीत असला की रोम फार लवकर उलगडतो. फक्त स्थापत्याची ओढ असेल तर मात्र थेट रोमला जायला हरकत नाही.

२. कोर्सचे प्रकार ओळखा

नुसती व्याख्यानं. येल विद्यापीठाच्या ओपन येल कोर्सेसवर प्रा. डोनाल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीक इतिहासाचा २४ व्याख्यानांचा कोर्स आहे. २००७ साली वर्गातच चित्रित केलेला. तिथेच प्रा. डायना क्लायनर यांचा रोमन स्थापत्यावरचा कोर्सही आहे. नावनोंदणी नाही, फी नाही, परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. प्रत्येक व्याख्यानाची लिखित प्रत मिळते, नुसता आवाजही उतरवून घेता येतो. नेट कमजोर असलेल्या गावात हा फार मोठा आधार आहे. मी सुरुवात केगन यांच्यापासून केली. त्यांचं मत ठाम असतं आणि अथेन्स व त्याचा नेता पेरिक्लीस यांच्याकडे त्यांचा ओढा लपत नाही. ऐकताना हे लक्षात ठेवा, पण इतक्या तळमळीने शिकवणारा माणूस सुरुवातीला मिळणं हे भाग्यच.

छोटे चवीपुरते कोर्स. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या ओपनलर्नवर अभिजात जगाची ओळख, लॅटिनची तोंडओळख असे काही तासांत संपणारे मोफत कोर्स आहेत. आपल्याला हे खरंच आवडतंय का, ते बघायला उत्तम.

आठवड्यांनी बांधलेले कोर्स. कोर्सेरा आणि एडएक्सवर हे मिळतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा ग्रीक-रोमन पुराणकथांवरचा कोर्स आणि हार्वर्डचे प्रा. ग्रेगरी नॉज यांचा ग्रीक वीरपुरुषांवरचा कोर्स हे त्यातले नावाजलेले. व्हिडिओ, वाचन, छोट्या चाचण्या असं स्वरूप असतं.

शिक्षक असलेले सशुल्क कोर्स. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निरंतर शिक्षण विभागाचे दहा आठवड्यांचे छोटे ऑनलाइन कोर्स या प्रकारात येतात. ठरावीक विद्यार्थी, एक शिक्षक, लेखी चर्चा आणि तपासले जाणारे निबंध. फी चांगलीच असते, पण आपलं लिखाण कोणीतरी वाचून 'हे कशावरून म्हणता?' असं विचारतं, त्याला पर्याय नाही.

माझा सल्ला: पहिला महिना चवीचा कोर्स, नंतर सहा महिने एकच मोठी व्याख्यानमाला, आणि मग जमल्यास शिक्षक असलेला कोर्स. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे जातात आणि न्यूनगंड वाढतो.

पूर्ण पदवीचा विचार असेल तर थांबा. परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी आपल्याकडे नोकरीसाठी किंवा पुढच्या प्रवेशासाठी धरली जाईल का, हा प्रश्न यूजीसीच्या नियमांचा आहे आणि ते नियम बदलत असतात. जिथे ती पदवी दाखवायची आहे, त्या संस्थेकडून फी भरण्याआधी लेखी उत्तर घ्या. तोंडी 'चालेल' वर विसंबू नका.

३. नाव घालण्याआधी जवळ काय हवं

- एक वेगळा ईमेल पत्ता. कोर्सच्या सूचना बिलांच्या आणि जाहिरातींच्या गर्दीत हरवतात.
- नोंदणी करताना पासपोर्टवर किंवा आधारवर असेल तेच नाव, त्याच स्पेलिंगने. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि नंतर बदलायला त्रास होतो.
- सशुल्क कोर्स असेल तर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरू केलेलं कार्ड. बहुतेक कार्डांवर ही सोय बंद असते, बँकेच्या अॅपमधून ती चालू करावी लागते. परकी चलनातल्या व्यवहारावर बँक वेगळं शुल्क लावते, ते फीमध्ये धरून हिशेब करा.
- पदवीत धरलं जाणारं क्रेडिट देणाऱ्या कोर्ससाठी पदवीचं प्रमाणपत्र आणि इंग्रजीचा पुरावा मागू शकतात. स्कॅन तयार ठेवा.
- दोनशे पानी वही, हेडफोन, आणि भिंतीवर लावता येईल एवढा मोठा छापील नकाशा. नकाशाबद्दल पुढे लिहिते.

इथे तीन फसगती होतात. पहिली, 'सात दिवस मोफत'. कार्ड दिलंत की आठव्या दिवशी महिन्याची वर्गणी आपोआप कापली जाते. नोंदणी करतानाच मोबाइलमध्ये सातव्या दिवसाआधीचा गजर लावा किंवा वर्गणी लगेच रद्द करून ठेवा. दुसरी, मोफत ऑडिट, म्हणजे फी न भरता कोर्स नुसता बघणं. त्यात व्हिडिओ दिसतात, पण चाचण्या बंद असू शकतात आणि काही ठिकाणी ठरावीक आठवड्यांनंतर सगळंच बंद होतं. सुरू करतानाच शेवटची तारीख लिहून ठेवा. तिसरी, थेट वर्गाची वेळ. लंडनचे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं बदलतात. मी एकदा ते विसरले आणि एका चांगल्या चर्चेला मुकले.

४. पहिल्या आठवड्यात फक्त नकाशा आणि कालपट

व्याख्यान सुरू करण्याआधी एक आठवडा यालाच द्या. ग्रीसचा इतिहास समुद्राचा आहे. एजियन समुद्रातली बेटं, अथेन्सचं बंदर पिरियस, धान्याची गलबतं काळ्या समुद्रातून ज्या अरुंद सामुद्रधुनीतून येत ती हेलेस्पॉन्टची वाट, हे डोळ्यांसमोर नसेल तर अथेन्सचे लोक इतक्या दूर जाऊन का लढत होते ते कळतच नाही. इ.स.पू. ४०५ मध्ये त्याच वाटेवर एगोस्पोटामीला त्यांचं आरमार गेलं, धान्य अडलं आणि पुढच्याच वर्षी शहराने शरणागती पत्करली. नकाशात बोट ठेवून बघा, एका नजरेत कारण दिसतं.

रोमसाठी स्टॅनफर्ड विद्यापीठाचा ऑर्बिस नावाचा मोफत नकाशा आहे. रोमहून अलेक्झांड्रियाला कोणत्या ऋतूत किती दिवस लागत, ते तो काढून देतो. जमिनीवरून माल नेणं समुद्रमार्गापेक्षा किती महाग पडे, हे त्यावर पाच मिनिटं खेळलं की पटतं.

कालपट वहीच्या मधल्या जोडपानावर स्वतःच्या हाताने काढा. तीन गोष्टी ध्यानात ठेवा. इ.स.पू. मध्ये वर्षं उतरत्या क्रमाने जातात आणि 'पाचवं शतक' म्हणजे ५०० ते ४०१. शून्य वर्ष नाही: इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १. आणि '५०८/७' असं वर्ष दिसलं तर ती छपाईची चूक नव्हे. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्यात सुरू होई, त्यामुळे ते आपल्या दोन वर्षांत विभागलं जातं.

पैशाचं कोष्टकही इथेच लिहून घ्या: ६ ओबोल म्हणजे १ द्राख्मा, १०० द्राख्मा म्हणजे १ मिना, ६० मिना म्हणजे १ टॅलेंट. माझ्या पेशामुळे असेल, पण मला अथेन्स खऱ्या अर्थाने कळलं ते हिशेबातून. एका त्रिस्तरी युद्धनौकेवर साधारण २०० माणसं. रोज माणशी एक द्राख्मा धरला तर तीस दिवसांचे ६,००० द्राख्मा, म्हणजे नेमका एक टॅलेंट. एक नौका, एक महिना, एक टॅलेंट. आता पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्युसिडिडीस जेव्हा लिहितो की मित्रराज्यांकडून वर्षाला ६०० टॅलेंट येत, तेव्हा किती नौका किती महिने समुद्रात राहू शकत होत्या ते तुम्हीच काढू शकता. आणि तो पैसा थांबला तर काय होईल, हेही.

५. व्याख्यान मालिकेसारखं बघू नका

माझे पहिले चार कोर्स इथेच बुडाले. रात्री जेवणं उरकली की मी सलग दोन व्याख्यानं बघायची. छान वाटायचं. आठवड्याने विचारलं असतं तर एक वाक्य सांगता आलं नसतं.

आता मी आठवड्याला एकच व्याख्यान घेते. आधी लिखित प्रत वाचते आणि अडलेल्या नावांखाली रेघ मारते. मग व्याख्यान ऐकते. संपल्यावर वही मिटून पाच ओळी मराठीत लिहिते. मराठीत लिहिणं महत्त्वाचं आहे. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवता येतं, न समजताही. मराठीत सांगायला गेलं की काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं. ग्रीक शब्द 'पोलिस' म्हणजे शहर की राज्य? 'टायरंट' म्हणजे जुलमी राजा, की नुसता बळाने सत्तेवर आलेला माणूस? मला यावर एकदा अख्खी संध्याकाळ लागली आणि ती माझी सगळ्यात उपयोगी संध्याकाळ होती.

नावांचे उच्चार ऐकून गोंधळू नका. इंग्रजी वक्ता 'सिसेरो' म्हणेल, लॅटिन शिकवणारा 'किकेरो' म्हणेल. माणूस एकच. रोमन नावांची अडचण वेगळी: पहिली नावं मोजकीच होती, त्यामुळे गायस, लुसियस, मार्कस सतत भेटतात. मधलं नाव कुळाचं हे समजलं की गुंता सुटतो. गायस ज्युलियस सीझर म्हणजे ज्युलियस कुळातल्या सीझर शाखेचा गायस.

६. मूळ लेखक वाचा, तेही पहिल्या महिन्यापासून

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवणार असाल तर हा ठेवा. व्याख्यान हे बोट आहे, ते ज्याकडे दाखवतंय ती गोष्ट म्हणजे हेरोडोटस, थ्युसिडिडीस, प्लेटो, लिव्ही, टॅसिटस यांचं लिखाण. नवखे लोक 'आधी कोर्स संपवू, मग मूळ वाचू' म्हणतात आणि ते 'मग' कधी येत नाही.

पुस्तकं विकत घ्यायची गरज नाही. टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस ग्रंथालयात मूळ ग्रीक-लॅटिन आणि इंग्रजी भाषांतर शेजारी शेजारी मोफत आहे. लेकसकर्टियस या संकेतस्थळावर रोमविषयीचे अनेक ग्रंथ आहेत, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जुनी भाषांतरं आहेत. मोफत मिळणारी भाषांतरं बहुतेक शंभर वर्षांपूर्वीची असतात. भाषा जड, आणि अश्लील वाटलेला मजकूर भाषांतरकारांनी अनेकदा सौम्य केलेला किंवा गाळलेला. अॅरिस्टोफेनीसच्या विनोदी नाटकांसाठी तरी नवं भाषांतर मिळवा, नाहीतर ती नाटकं विनोदी का म्हणायची असा प्रश्न पडेल.

वाचनयादीत '२.३४–४६' असे आकडे दिसतील. मी ते पानांचे क्रमांक समजून दोन दिवस शोधत होते. पहिला आकडा ग्रंथाच्या भागाचा, दुसरा प्रकरणाचा. ही पद्धत सगळ्या आवृत्त्यांत सारखी असते, म्हणून निबंधातही पान क्रमांक न देता असाच संदर्भ द्यायचा. होमरसाठी सर्ग आणि ओळ. प्लेटोसाठी ३२७अ यासारखे आकडे असतात, ते १५७८ साली छापलेल्या एका आवृत्तीच्या पानांचे आहेत आणि आजही तेच चालतात.

सुरुवात कुठून करायची ते नेमकं सांगते. थ्युसिडिडीस उघडा आणि २.३४ पासून २.५४ पर्यंत सलग वाचा, एका बैठकीत. युद्धाच्या पहिल्या वर्षात पडलेल्यांचा अंत्यविधी. दहा कुळगटांसाठी सुरूच्या लाकडाच्या दहा पेट्या, आणि ज्यांची प्रेतं मिळाली नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी तिरडी. मग पेरिक्लीस उभा राहतो आणि आपल्या शहराबद्दल बोलतो. बहुतेक कोर्स हे भाषण देतात आणि थांबतात. तुम्ही थांबू नका. भाषण संपतं आणि पान उलटताच अथेन्समध्ये साथ येते. दाटीवाटीने राहिलेली माणसं, विहिरींजवळ पडलेले तहानलेले रोगी, आणि दुसऱ्याने रचलेल्या चितेवर आपलं प्रेत टाकून पळून जाणारे लोक. इतक्या नेटक्या अंत्यविधीनंतर लगेच हे. थ्युसिडिडीसला स्वतःला तो आजार झाला होता. लक्षणं तो बारकाईने लिहून ठेवतो, पुन्हा साथ आली तर लोकांना ती ओळखता यावी म्हणून. मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा आपल्याकडची कोविडची दुसरी लाट ओसरून काही महिनेच झाले होते. मी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

हे कुठलंही व्याख्यान देऊ शकत नाही. भाषण आणि साथ एकमेकांना लागून ठेवण्यामागे लेखकाचा काही हेतू होता का, हा प्रश्न आपोआप मनात येतो, आणि तिथून खरा अभ्यास सुरू होतो.

७. प्रत्येक गोष्टीला 'कशावरून?' विचारा

वहीत प्रत्येक पानाच्या उजवीकडे एक रकाना सोडा आणि त्याला 'कशावरून' असं नाव द्या. कोर्समध्ये सांगितलेली प्रत्येक मोठी गोष्ट आपल्याला कुठून कळली, ते तिथे लिहा.

रोमची स्थापना इ.स.पू. ७५३. कशावरून? वर्ष व्हॅरो या रोमन विद्वानाच्या गणनेवरून रूढ झालं, कथा लिव्ही या इतिहासकाराने सांगितलेली. लिव्ही कधीचा? पहिला रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातला, म्हणजे जवळजवळ सातशे वर्षांनंतरचा. आणि गॉल लोकांनी शहर जाळलं तेव्हा जुन्या नोंदी बहुतांश नष्ट झाल्या, असं तो स्वतःच सहाव्या भागाच्या आरंभी सांगतो. त्याने १४२ भाग लिहिले, त्यातले ३५ उरले आहेत. स्पार्टाबद्दल आपण जे रंगवून सांगतो त्यातलं बरंचसं प्लुटार्कने लिहिलेलं, आणि तो स्पार्टाच्या वैभवानंतर पाचशे वर्षांनी झाला. अलेक्झांडरचं पूर्ण स्वरूपात टिकलेलं सगळ्यात विश्वासार्ह चरित्र एरियनचं. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, तेव्हा अलेक्झांडरला जाऊन साडेचारशे वर्षं झाली होती. त्याने समकालीनांचे आज हरवलेले ग्रंथ वापरले म्हणून आपण त्याला मानतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रोममधल्या पँथिऑनचं. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत कोरलंय: लुसियसपुत्र मार्कस अग्रिपाने तिसऱ्यांदा कॉन्सल (वर्षभरासाठीचा सर्वोच्च अधिकारी) असताना हे बांधलं. म्हणजे इ.स.पू. २७. वडिलांचं नाव मध्ये घालायची आपली रीत असल्यामुळे ही ओळ आपल्याला एकदम ओळखीची वाटते. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना शंका कसली? इसवी सन २०० च्या सुमारास लिहिणारा कॅसियस डिओ हा रोमन सेनेटर होता, त्याच शहरात वावरलेला, त्यालाही ती अग्रिपाचीच इमारत वाटली. पण एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भिंतींतल्या विटा तपासल्या गेल्या. रोमन विटांवर भट्टीचे शिक्के असत. ते निघाले सम्राट ट्रेजनच्या अखेरच्या आणि सम्राट हेड्रियनच्या सुरुवातीच्या काळातले, म्हणजे दीडशे वर्षांनंतरचे. अग्रिपाची इमारत आगीत गेली होती. नवी उभारताना जुन्या बांधणाऱ्याचं नाव पुन्हा कोरलं गेलं. त्या ४३ मीटरच्या घुमटाचं वय दगडावरच्या ठळक अक्षरांनी चुकीचं सांगितलं आणि भिंतीत दडलेल्या विटांनी खरं सांगितलं.

हा रकाना भरायची सवय लागली की सॉक्रेटिसच्या नावाने फिरणारी सुविचारांची चित्रंही तुम्ही पुढे पाठवणार नाही. सॉक्रेटिसने एक ओळ लिहिलेली नाही. आपल्याकडे आहे तो प्लेटोचा, झेनोफोनचा आणि अॅरिस्टोफेनीसने टवाळी केलेला सॉक्रेटिस, आणि तिघे एकमेकांशी जुळत नाहीत. कृत्रिम बुद्धिमत्तेला अवतरण विचारलंत तर ते मूळ ग्रंथात उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. भाग आणि प्रकरणाचा आकडा बरोबर दिसतो, पण तिथे गेलं की ते वाक्य नसतं.

८. चर्चा आणि पहिला निबंध

चर्चेत पहिल्या आठवड्यातच लिहा, दोन ओळी का होईना. इंग्रजीची लाज सोडा. शिक्षक व्याकरण बघत नाहीत, पुरावा बघतात. मी सुरुवातीला 'महान', 'थोर' असे शब्द फार वापरायची. एका शिक्षिकेने माझ्या निबंधात त्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: कोणासाठी? अथेन्सच्या लोकशाहीत स्त्रियांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या परक्यांना नव्हतं. पार्थेनॉन पूर्ण झाल्यावर सोळाच वर्षांनी, इ.स.पू. ४१६ मध्ये, त्याच अथेन्सने मेलोस बेटावरचे हाती लागलेले प्रौढ पुरुष मारले आणि बायकामुलांना गुलाम केलं. थ्युसिडिडीस ५.८४ पासून वाचा. दोन्ही गोष्टी एकाच शहराच्या, आणि निबंधात दोन्हींना जागा द्यावी लागते.

निबंधाचा विषय छोटा घ्या. 'ग्रीक धर्म' असा नको, 'पेरिक्लीसच्या भाषणात देवांचा उल्लेख इतका कमी का' असा घ्या. एक मूळ उतारा, त्यावरची दोन आधुनिक मतं, मग आपलं म्हणणं. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हं आणि संदर्भ, मग ते भाषांतर असलं तरी. नकल तपासणारी यंत्रणा असते आणि नकळत झालेली नक्कलही नक्कलच धरली जाते.

९. भाषा शिकावी का?

पहिल्या वर्षी नको. दुसऱ्या वर्षी जरूर, आणि घाबरू नका, कारण आपली बाजू भक्कम आहे. प्राचीन ग्रीकमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख असे अल्पप्राण-महाप्राण वेगळे होते. इंग्रजी विद्यार्थी त्यासाठी झगडतात, आपण ते बालवाडीत शिकलो. शाळेत संस्कृत झालं असेल तर द्विवचन, विभक्ती, धातूंची रूपं यांचं दडपण येत नाही. 'ददामि' ला ग्रीक 'दिदोमि', 'अस्ति' ला ग्रीक 'एस्ति' आणि लॅटिन 'एस्त'. मी ग्रीक लिपी दहा दिवसांत शिकले, वहीत प्रत्येक अक्षराशेजारी देवनागरी लिहून. व्याकरणाला अर्थात दीड वर्ष लागलं.

१०. कोर्स संपला की

सराव म्हणून पेरिप्लस वाचा. इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेली ही सागरी मार्गदर्शिका, छोटी आणि सोपी. ५१ आणि ५२ ही प्रकरणं काढा. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तिथून माल गाड्यांतून भडोचला जाई. पुढे सोपारा आणि कल्याण येतात. कल्याणला चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई, असंही तो लिहितो. 'कशावरून' चा रकाना इथेही भरा: लेखक स्वतः पैठणला गेला होता, की बंदरात ऐकलेलं लिहितोय?

आणि नाशिकला आलात तर पांडवलेण्यांवर जा. मी इथलीच, लहानपणी शाळेच्या सहलीत तिथे वडापाव खाल्लेला. सतरा क्रमांकाच्या लेण्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. त्याच्या ओवरीत ब्राह्मी लिपीत, प्राकृतात एक लेख आहे. धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, दत्तामित्री गावचा, उत्तरेकडून आलेला 'योनक' (यवन, म्हणजे ग्रीक), याने आईवडिलांसाठी हे लेणं, आतलं चैत्यगृह आणि पाण्याची टाकी खोदवली. सोबत मुलाचं नाव, धम्मरक्षित. हा माणूस ग्रीक वंशाचा होता, की 'योनक' हा शब्द तोवर सैल झाला होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. नावं तर सगळी इथलीच. सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असतं आणि अक्षरांच्या खाचांत सावली पडते. दुपारी ती वाचता येत नाहीत.